बर्फ उचलायचा नाही, सरकवायचा

ऑक्टोबर संपत आला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. कोणीतरी नुकतंच घर घेतलेलं असतं. अपार्टमेंटमध्ये होते तोवर बर्फाचं काम परस्पर व्हायचं, आता ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, स्वतःची आहे. मग विचारणा होते, "फावडं कुठलं घ्यावं? की सरळ बर्फ उडवायचं मशीनच घेऊन टाकू?" मी दरवर्षी तुकड्यातुकड्यांत उत्तरं देत असते, ती यंदा एकत्र लिहून ठेवते आहे.

आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या उत्तरेला, अ‍ॅमहर्स्टला राहतो. मी मूळची कागलची, त्यामुळे बर्फ हा विषय इथे येऊनच शिकले. नवऱ्याला स्टेंट बसवला तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज चाला, जिने चढा, पण बर्फाच्या फावड्याला हात लावायचा नाही. तेव्हापासून हे खातं माझ्याकडे आहे. हवामानाचं रडार बघणं, बर्फ वितळवायचं मीठ आणून ठेवणं, मी आत आले की आल्याचा चहा करणं हे त्याच्याकडे.

डॉक्टर एवढं निक्षून का सांगतात, ते आधी सांगते, कारण आपल्या लोकांना हे पटत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. त्यात हे काम पायांपेक्षा हातांचं, आणि हातांच्या कष्टाने हृदयावर जास्त ताण येतो. जड फावडं उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने दाब आणखी वाढतो. आणि हे सगळं कोण करतं? आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलेला, घरात मधुमेहाचा इतिहास असलेला पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस, सकाळी सातला, उपाशीपोटी, ऑफिसला उशीर होतोय म्हणून घाईघाईत. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींचा अभ्यास झाला, त्यात बर्फ काढताना दुखापत होऊन इमर्जन्सीत आलेल्यांची संख्या वर्षाला सरासरी ११,५०० निघाली. बहुतेकांची कंबर किंवा पाठ गेलेली, पण जे दगावले ते हृदयाने. २०१७ साली कॅनडातला क्विबेकचा अभ्यास आला. तिथे २० सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने वाढलेले दिसले. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, हे तर आता आपल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. तेव्हा "मी जिमला जातो, मला काय होतंय" हे कृपा करून मनातून काढून टाका.

आता वजनाचा हिशोब. आमचा ड्राइव्हवे दोन गाड्यांचा, साधारण ५० फूट लांब आणि १८ फूट रुंद. मुलगी शाळेत घनता शिकत होती तेव्हा आम्ही दोघींनी मिळून हे गणित मांडलं होतं. कडाक्याच्या थंडीत पडणारा भुरभुरीत बर्फ घनमीटरला ८० ते १०० किलो भरतो. आठ इंच पडला तर ड्राइव्हवेवर दीड टन. तापमान शून्याच्या आसपास असताना पडणारा ओला, चिकट बर्फ घनमीटरला २५० किलोपर्यंत जातो. तोच ड्राइव्हवे, तेच आठ इंच, आणि चार टन. एका फावड्यात पाच-सहा किलो धरले तर सातशेहून जास्त वेळा वाकून उचलायचं. बाहेर किती इंच पडलाय हे सगळे विचारतात, खरं तर विचारायला हवं की तो ओला आहे की कोरडा. मी दार उघडून आधी हातात घेऊन बघते. मुठीत दाबल्यावर गोळा होत नसेल तर दिवस सोपा आहे. गोळा झाला आणि हातमोजा ओला झाला, तर त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं नाही, अर्ध्या वेगाने काम करायचं.

माझं सगळं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे. बर्फ जितका कमी उचलावा लागेल तितकं चांगलं. ढकलून काम होत असेल तर उचलू नका. आणि ढकलून काम व्हायचं असेल तर बर्फ उंच होण्याआधी बाहेर पडा.

हे शेवटचं वाक्य बफेलोत फार कळीचं आहे, कारण इथला बर्फ तळ्यावरून येतो. ईरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ, सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी अजून गोठलेलं नसतं आणि वरून कॅनडाकडची गार हवा वाहत येते. ती पाण्यावरून येताना बाष्प घेते आणि किनारा आला की सगळं ओतते. वारा तळ्याच्या लांबीला समांतर असला की त्याला पाण्यावरचा सगळ्यात लांब प्रवास मिळतो आणि एक अरुंद पट्टा तयार होतो. पट्ट्याच्या आत तासाला दोन-तीन इंच, आणि पट्ट्याबाहेर ऊन. २०१४ च्या नोव्हेंबरात बफेलोच्या दक्षिणेकडच्या गावांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि उत्तरेकडच्या भागात काही इंच. २०२२ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्याच ऑर्चर्ड पार्क गावाला ८० इंचांच्या आसपास पडला, म्हणजे दोन मीटर. वारा थोडा जास्त दक्षिणेकडून आला की तोच पट्टा वर सरकून आमच्या डोक्यावर येतो. त्यामुळे इथे नुसता अंदाज वाचून भागत नाही, वाऱ्याची दिशा बघावी लागते. नवरा त्यात आता इतका तरबेज झालाय की "तासाभरात येतोय, मग दोन तास थांबेल" असं सांगतो आणि ते बहुतेक वेळा खरं निघतं.

तर, तीन-चार इंच साचले की मी बाहेर पडते. बर्फ पडत असतानाच. लोक म्हणतात, थांबू दे की एकदाचा, मग एकदमच काढू. एकदम काढायच्या वेळी बारा इंच झालेले असतात, वरचा थर खालच्याला दाबून बसलेला असतो, आणि तो ढकलता येत नाही, उचलावाच लागतो. तीन वेळा चार-चार इंच ढकलणं आणि एकदा बारा इंच उचलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्री झोपण्याआधी एक फेरी, पहाटे एक फेरी, एवढं केलं तरी सकाळचं काम निम्म्यावर येतं.

फावडी दोन घ्या. एक ढकलायचं, २४ ते ३० इंच रुंद, पातं वाकवलेलं. हे उचलायला वापरायचंच नाही, भरलं की कोणाचंही मनगट जाईल. दुसरं उचलायचं, १८ इंचांच्या आसपास, दांडा मध्ये वाकवलेला, म्हणजे कंबर कमी वाकते. पातं प्लॅस्टिकचं आणि कडेला धातूची पट्टी असलेलं घ्या, नुसतं प्लॅस्टिक थंडीत तडकतं. दांडा उभा धरल्यावर छातीपर्यंत यायला हवा. आपण बायका बहुतेक वेळा घरात आधीपासून असलेलं, नवऱ्याच्या उंचीचं फावडं वापरतो आणि मग खांदे दुखतात. स्वतःसाठी वेगळं घ्या, तीस-चाळीस डॉलरचा प्रश्न आहे. ओल्या बर्फाच्या दिवशी पात्यावर स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे मारा, बर्फ चिकटत नाही आणि दर खेपेला वजन वाचतं.

तिसरी एक वस्तू आहे जी आपल्या लोकांकडे फारशी दिसत नाही, ती म्हणजे मोठा स्कूप. दोन्ही हातांनी धरायची यू आकाराची दांडी आणि पुढे रुंद खोल पातं. बर्फात घुसवायचा, दांडी खाली दाबायची, आणि भरलेला स्कूप घसरवत नेऊन लॉनवर उलटा करायचा. कुठेच उचलणं नाही. ढीग वाढत गेला की त्याच्यावर उतार ठेवायचा आणि स्कूप त्या उतारावरून वर न्यायचा. जानेवारीत, दोन्ही बाजूंच्या भिंती कमरेएवढ्या झाल्यावर, फावड्याने वर फेकणं फार महाग पडतं, तेव्हा हा स्कूपच कामाला येतो. म्हणूनच मोसमाच्या सुरुवातीचा बर्फ कडेला टाकून मोकळं व्हायचं नाही, लॉनमध्ये लांब ढकलायचा. पुढच्या बर्फाला जागा लागते.

काढायची पद्धत अशी. गॅरेजच्या दारापासून रस्त्यापर्यंत आधी मधोमध एक वाट ढकलून काढा. मग त्या वाटेत उभं राहून डावीकडे आणि उजवीकडे, कडेच्या लॉनपर्यंत. प्रत्येक ढकल नऊ फुटांची होते, पन्नास फुटांची नाही. उचलायची वेळ आलीच तर पाय फाकवून उभं राहा, गुडघे वाका, एक हात पात्याजवळ ठेवा आणि पातं अर्धंच भरा. अंगातून पीळ देऊन खांद्यावरून मागे फेकू नका, पाठ तिथेच जाते. पाय वळवा, तोंड ज्या दिशेला तिकडेच टाका. थोड्या थोड्या वेळाने हात बदला, उजवा खाली होता तो वर. उंच थर असेल तर वरचा सहा इंच आधी काढा, मग खालचा.

माझे बाबा एका हिवाळ्यात इथे होते. ७४ वर्षांचे, आयुष्यभर उसाच्या शेतात राबलेले. पहिल्याच मोठ्या बर्फाला कानटोपी घालून, मफलर गुंडाळून दारात तयार.

"अगं, सगळा जन्म खोऱ्यावर गेला माझा. एवढं ढकलायला काय होतंय?"

"बाबा, खोरं तुम्ही उन्हात चालवलंत. इथं आत्ता उणे बारा आहे. आणि बीपीची गोळी कोण घेतं?"

"तू बाईमाणूस बाहेर आणि मी आत बसायचं?"

"आत बसू नका, गॅरेजात उभे राहा. वाळूची बादली तुमच्याकडे."

ते उभे राहिले आणि बघता बघता मला म्हणाले, "वारा कुठून आहे ते बघ आधी. तू वाऱ्याच्या तोंडावर टाकतेयस, ते परत तुझ्याच अंगावर येतंय." बरोबर होतं. शेजारच्या घरामुळे वारा वळून येतो आणि एका बाजूला टाकलेला बर्फ अर्ध्या तासात परत ड्राइव्हवेवर. त्या दिवसापासून भुरभुरीत बर्फ मी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूलाच टाकते. आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना असं काहीतरी काम जरूर द्या, पण फावडं देऊ नका. त्यांना नाही म्हणायला संकोच वाटतो म्हणून आपण देतो, तो संकोच बाजूला ठेवा.

आता सगळ्यात धोक्याची जागा. ड्राइव्हवे झाला, तुम्ही दमलात, आणि तेवढ्यात गावाचा प्लाऊ, म्हणजे पुढे मोठं पातं लावलेला बर्फ ढकलणारा ट्रक, येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी रचून जातो. हा बांध दिसायला छोटा दिसतो. तीन फूट रुंद, दीड-दोन फूट उंच. पण हा दाबलेला, मिठाने अर्धवट विरघळलेला, त्यात बर्फाचे दगड. आमच्या रुंदीला तो टनभर सहज भरतो, आणि तो येतो तेव्हा अंगातली ताकद संपलेली असते. मी इथे एक नियम ठेवला आहे. बांध काढण्याआधी घरात जायचं, कपडे सैल करायचे, पाणी प्यायचं, निदान पंधरा मिनिटं बसायचं. मग बाहेर येऊन गुळाची ढेप फोडतात तसा कडेने, वरून, लहान लहान तुकड्यांनी फोडायचा. खालून उपसायला जायचं नाही.

बांध मुळातच लहान व्हावा यासाठी एक युक्ती आहे. रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेत उभं राहा. अमेरिकेत-कॅनडात वाहतूक उजवीकडून, म्हणजे तुमच्या बाजूला प्लाऊ डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेने दहा-पंधरा फुटांचा एक खिसा मोकळा करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बर्फ आधी त्या खिशात रिकामा होतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी थोडाच उरतो. तोंडाजवळचा तुमचा स्वतःचा बर्फ मात्र उजव्या बाजूला टाका, डावीकडे टाकला तर प्लाऊ तोच उचलून परत आणून देईल. रस्त्यावर तर ढकलूच नका, ते बेकायदा आहे आणि मागून येणाऱ्या गाडीच्या जिवावर बेतू शकतं.

मिठाबद्दल थोडक्यात. साधं मीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली जवळजवळ निरुपयोगी. त्याखाली कॅल्शियम क्लोराइडचं घ्यावं लागतं, किंवा नुसती वाळू टाकावी, बर्फ वितळत नाही पण पाय घसरत नाही. मीठ हे बर्फ काढल्यावर उरलेल्या पातळ थरासाठी असतं, सहा इंच बर्फावर पोतं रिकामं करण्यासाठी नाही. कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ वीस फूट ड्राइव्हवेला पुरतं. दाणे एकमेकांपासून सुटे पडायला हवेत. जास्तीचं मीठ वसंतात वाहून जातं, आमच्याकडचं एलिकॉट क्रीकमध्ये, आणि पाण्यात गेलेलं मीठ परत काढता येत नाही. काँक्रीट नवीन असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नका, पृष्ठभाग सोलवटतो. आणि डांबर काळं दिसेपर्यंत खरवडलंत तर तापमान शून्याखाली असतानाही दुपारचं ऊन बाकीचं काम करतं.

मशीन घ्यावं का? ड्राइव्हवे लांब असेल तर जरूर घ्या. पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: ओल्या बर्फाने मशीनचं तोंड तुंबलं की हात आत घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. आतल्या पात्यांत ताण अडकलेला असतो आणि बर्फ सुटताच ती फिरतात. मशीनबरोबर प्लॅस्टिकची काठी येते, तीच वापरायची. पेट्रोलचं मशीन गॅरेजात सुरू करून गरम होऊ द्यायचं नाही, दार उघडं असलं तरी, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. आणि मशीनने हृदयाचा धोका कमी होतो, जात नाही. ते वळवायला, मागे ओढायला जोर लागतोच.

कार्बन मोनॉक्साइडवरून आणखी दोन जागा. घर गरम ठेवणाऱ्या नव्या फर्नेसचे (भट्टीचे) पांढरे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर बाहेर येतात. बर्फ वाहून त्यांच्यावर साचला तर फर्नेस बंद पडते किंवा वायू घरात उलटतो. मोठ्या वादळात मी ड्राइव्हवेच्या आधी तिकडे जाते. दुसरी जागा गाडीचा सायलेन्सर. बर्फात रुतलेली गाडी सुरू करण्याआधी मागची नळी मोकळी करा, आणि मुलांना "गाडीत बस, मी काढते तोवर ऊब घे" असं कधीही म्हणू नका.

२०२२ च्या नाताळातलं वादळ आम्ही घरातूनच बघितलं. खिडकीबाहेर शेजारचं घर दिसत नव्हतं. विमानतळावर ५० इंचांहून जास्त बर्फ मोजला गेला, बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली, आणि त्यातली काही बर्फ काढता काढता हृदय बंद पडून गेली. अशा वादळात ड्राइव्हवेला हातच लावायचा नसतो. रस्ता बंद आहे, तर गाडी काढून जाणार कुठे? दाराची आणि पाइपांची तेवढी वाट मोकळी ठेवायची आणि वाट बघायची.

काम करताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, अंगाला गार घाम, यातलं काहीही झालं तर फावडं तिथेच टाकून आत या आणि ९११ लावा. "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणत जिरं-ओवा चावत बसू नका. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि विलक्षण थकवा एवढंच लक्षण असू शकतं. एकटं बाहेर जाताना घरात सांगून जा आणि फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी थंडीने बसते.

ज्यांना हृदयाचा त्रास आहे, ज्यांची पाठ आधीच गेलेली आहे, त्यांनी प्लाऊवाला लावावा. यात कमीपणा काहीच नाही, आणि "शेजारी साठीचा असून स्वतः काढतो" ही तुलनाही नको, तो लहानपणापासून हेच करत आला आहे. पूर्ण मोसमाचा करार करा, खेपेप्रमाणे पैसे देणाऱ्यांचा नंबर मोठ्या बर्फाच्या दिवशी शेवटी लागतो. किती इंचांना येणार आणि रस्त्यावरचा प्लाऊ गेल्यावर तोंडाशी दुसरी खेप करणार का, हे दोन प्रश्न आधी विचारून लिहून घ्या. सप्टेंबरमध्येच फोन करा, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांगल्या लोकांच्या याद्या भरतात. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना नारिंगी काठ्या मात्र तुम्हीच ठोकून ठेवा, नोव्हेंबरात जमीन घट्ट होण्याआधी, म्हणजे त्याचं पातं लॉन खरवडणार नाही. आणि प्लाऊवाला फक्त ड्राइव्हवे करतो. पायऱ्या, फर्नेसचे पाइप आणि घरासमोर हायड्रंट (अग्निशमन दलाचा पाण्याचा नळ) असेल तर त्याच्या भोवतीचे तीन फूट, एवढं घरातल्या धडधाकट माणसाने वाटून घ्यावं.